एकाच आईची लेकरे, पण स्वभाव वेगळे



शाळा सुरू होऊन महिना उलटला की चर्चच्या ऑफिसात येणाऱ्या पालकांचा विषय बदलतो. जूनमध्ये बाप्तिस्म्याचे दाखले आणि ॲडमिशनची पत्रे असतात. जुलैमध्ये पहिली चाचणी होते, वहीवर शेरे येऊ लागतात आणि मग आईबाबा येऊन बसतात. गाऱ्हाणे बहुधा एकच असते. "फादर, दोघेही आमचीच मुले. एकच घर, एकच जेवण, संध्याकाळची एकच रोझरी. थोरल्याला एकदा सांगितले की पुरे. धाकट्याला दहा वेळा सांगा, भिंतीला सांगितल्यासारखे. आमचे कुठे चुकले?"

या प्रश्नाला मी पूर्वी जे उत्तर द्यायचो ते आता देत नाही. पूर्वी मी म्हणायचो की मूल म्हणजे ओल्या मातीचा गोळा, कुंभार जसा हात फिरवील तसे मडके घडते. प्रवचनातही हे उदाहरण मी किती तरी वेळा दिले आहे. उदाहरण सोपे आहे, ऐकायला बरे वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. ज्यांचे मूल जात्याच शांत असते ते स्वतःला उत्तम कुंभार समजू लागतात. ज्यांचे मूल दंगेखोर असते त्या आईला मात्र सासू, शेजारीण, बाई आणि शेवटी फादरसुद्धा सुचवतात की बाई गं, तुझाच हात चुकला.

माझे डोळे उघडले ते एका मुलामुळे. पूर्वी मी ज्या धर्मग्रामात होतो तिथली गोष्ट. पहिल्या कम्युनियनच्या वर्गाची तयारी पाहायला गेलो होतो. एकेका मुलाला उभे करून प्रार्थना म्हणायला लावत होतो. एक मुलगा उभा राहिला आणि बोलेचना. मी दोनदा विचारले, तिसऱ्यांदा आवाज चढवला. तो खाली मान घालून सदऱ्याचे बटण फिरवत राहिला. "पाठांतर केले नाही आणि वर हट्ट," असे म्हणून मी त्याला वर्ग संपेपर्यंत उभे ठेवले. तीन आठवड्यांनी त्याची आई भेटली. ती भांडायला आली नव्हती, हे विशेष. ती म्हणाली, "फादर, तो सगळ्या प्रार्थना म्हणतो. धाकट्या बहिणीला त्यानेच शिकवल्या. पण त्या दिवसापासून चर्चला जायचे म्हटले की त्याच्या पोटात दुखते."

मी ज्याला हट्ट समजलो होतो ती भीती होती, आणि मी जी शिस्त समजत होतो तिने एका आठ वर्षांच्या मुलाला देवाच्या घरापासून दूर केले होते. तत्त्वज्ञानाची पदवी घेताना मनुष्यस्वभावावर मी पानेच्या पाने लिहिली होती, पण समोर उभ्या असलेल्या एका स्वभावाची मला ओळख पटली नाही. म्हणून आज हा विषय थोडा सविस्तर मांडत आहे.

जन्मतःच काय मिळते?

माणसांचे स्वभाव वेगळे असतात हे काही नवे ज्ञान नव्हे. ग्रीक वैद्यांनी शरीरातील चार रसांवरून आनंदी, तापट, खिन्न आणि थंड असे चार स्वभाव सांगितले. आपल्याकडे आयुर्वेदाने वात, पित्त, कफ अशा प्रकृती सांगितल्या. ख्रिस्तसभेतही अध्यात्माच्या कित्येक पुस्तकांतून ते चार स्वभाव शिकवले गेले. रसांचा तो सिद्धांत वैद्यकशास्त्राने कधीच मागे टाकला, पण मुळातले निरीक्षण टिकून राहिले.

त्या निरीक्षणाला शास्त्रीय पाया मिळाला तो अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर पतिपत्नींमुळे. हे दोघे न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ. त्या काळी बहुतेक तज्ज्ञ मुलाच्या प्रत्येक दोषाचे खापर आईवर फोडत असत. ते या दोघांना पटेना. म्हणून १९५६ साली त्यांनी तान्ह्या बाळांचा अभ्यास सुरू केला आणि एकूण १३३ मुले मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा घेतला. बाळ किती हातपाय हलवते, भूक-झोप ठरल्या वेळी लागते की नाही, नवे माणूस दिसले की पुढे झेपावते की आईला बिलगते, रडू आले तर कुरकुरते की घर डोक्यावर घेते, एका खेळण्यात किती वेळ रमते, अशा नऊ गोष्टी त्यांनी टिपल्या. त्यांना दिसले की हा फरक पहिल्या काही महिन्यांतच कळून येतो. म्हणजे आईबाबांनी 'वळण' लावण्याच्या आधीच.

त्यांच्या अभ्यासात शंभरातील सुमारे ४० मुले सहज रुळणारी निघाली. सुमारे १५ मुले हळूहळू रुळणारी, म्हणजे नव्या गोष्टीपासून आधी मागे सरणारी आणि वेळ दिला की जवळ येणारी. सुमारे १० मुले अशी की झोपेला वेळ नाही, भुकेला वेळ नाही, बदल खपत नाही, आणि राग काय किंवा आनंद काय, सगळे जोरात. यांना त्यांनी 'कठीण' मुले म्हटले. मला हा शब्द फारसा आवडत नाही, कारण कठीण कोणाला, तर वाढवणाऱ्याला. बाकीची ३५ मुले कोणत्याच गटात नीट बसली नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. तुमचे मूल कदाचित त्या ३५ मधले असेल. त्याला ओढूनताणून एखाद्या कप्प्यात बसवू नका.

पण या दोघांचे खरे म्हणणे पुढेच आहे. कोणताही स्वभाव मुळात चांगला किंवा वाईट नसतो. मुलाचा स्वभाव आणि आजूबाजूची माणसे, घर, शाळा यांचा मेळ बसला तर मूल फुलते, मेळ बसला नाही तर बिघडते. 'कठीण' मुलांपैकीही अनेकजण समजूतदार आईबाबांच्या हाताखाली उत्तम वाढली. उलट स्वभावाने साधी असलेली काही मुले चुकीच्या अपेक्षांच्या ओझ्याखाली वाकली.

मेळ म्हणजे काय, याचे एक टोकाचे उदाहरण सांगतो. मार्टेन डी व्हरीज या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतील मसाई लोकांमधील काही बाळांचा स्वभाव नोंदवला होता. नंतर तिथे भयंकर दुष्काळ पडला. तो परत गेला तेव्हा शांत बाळांपैकी बहुतेक दगावली होती आणि किरकिऱ्या बाळांपैकी बहुतेक जगली होती. १९८४ साली त्याने हे प्रसिद्ध केले. बाळे संख्येने अगदी थोडी होती, म्हणून त्यावर मोठा सिद्धांत उभारू नये. पण जे बाळ जोरात रडते त्याला आई आधी पाजते, हे कोणत्याही आईला पटेल. आपण ज्याला दोष म्हणतो तो दुसऱ्या परिस्थितीत जीव वाचवतो.

आणि परिस्थिती तर आपल्या डोळ्यांदेखत बदलली आहे. आपल्या वसईत जे मूल तीस वर्षांपूर्वी वाडीत केळीच्या पाटातून धावले असते, विहिरीवर पोहायला शिकले असते आणि संध्याकाळी दमून निमूट झोपले असते, तेच मूल आज दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये 'फार मस्तीखोर' ठरते. खालचे शेजारी तक्रार करतात, वर्गात साठ मुले असतात, रस्त्यावर गाड्या असतात. मूल तेच आहे. वाडी नाही.

अलांसोंच्या एका घरात

१२ जुलैला आपण संत लुई आणि झेली मार्टिन यांचा सण साजरा केला. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी या पतिपत्नींना एकत्र संतपद दिले. लुई घड्याळे दुरुस्त करत, झेली लेस विणण्याचा धंदा चालवत असे. फ्रान्समधील अलांसों या गावी त्यांचा संसार होता. नऊ मुले झाली, चार लहानपणीच गेली, पाच मुली वाढल्या. त्यांतली सर्वांत धाकटी म्हणजे आपण जिला बाळ येशूची संत तेरेजा म्हणून ओळखतो ती.

झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. ती वाचताना संताची आई वाटत नाही, आपल्या शेजारची एखादी नोकरी करणारी आई वाटते. धंद्याची धावपळ, मुलींची दुखणी आणि प्रत्येक मुलीच्या स्वभावाची बारीक नोंद. धाकटी तेरेजा हुशार पण विलक्षण हट्टी आहे, एकदा नाही म्हटले की काही केल्या ऐकत नाही, असे तिच्या आईनेच लिहून ठेवले आहे. जगाला 'लहान मार्ग' शिकवणारी ही संत घरात 'कठीण' मुलगी होती म्हणायला हरकत नाही!

तेरेजाने आत्मचरित्रात एक लहानसा प्रसंग सांगितला आहे. मधली बहीण लिओनी हिला वाटले की आता आपण बाहुल्या खेळण्याइतक्या लहान नाही. तिने कपडे आणि रिबिनींनी भरलेली टोपली धाकट्या दोघींपुढे धरली आणि हवे ते घ्या म्हणाली. सेलिनने विचार करून एक लहानशी वस्तू घेतली. तेरेजाने हात पुढे केला आणि मला सगळेच हवे म्हणून टोपलीच घेतली. एका क्षणात तिघींचे स्वभाव. एक देऊन टाकणारी, एक मोजके घेणारी, एक सगळे मागणारी. पुढे तेरेजाने देवाजवळही सगळेच मागितले. तो हव्यास कोणी मोडून काढला नाही, त्याला दिशा मिळाली.

पण मला आज सांगायचे आहे ते लिओनीविषयी. १८६३ साली जन्मलेली ही मुलगी लहानपणापासून आजारी. अंगावर इसब, अभ्यासात मागे, मध्येच प्रचंड राग. मोठ्या दोघी बहिणी हुशार, त्यामुळे तुलना आपोआप होत असणार. झेलीची बहीण ले मान्स येथे मठात होती. तिथल्या शाळेत लिओनीला दोनदा पाठवले आणि दोन्ही वेळा परत आणावे लागले. मावशी संन्यासिनी, प्रेमळ, अनुभवी, पण तिलाही जमले नाही. झेलीला कळेना की या मुलीचे काय करावे.

१८७७ मध्ये थोरल्या मारीच्या एक गोष्ट लक्षात आली. घरात वर्षानुवर्षे काम करणारी मोलकरीण लिओनीला गुपचूप धाकात ठेवत होती. लिओनी आईचे ऐकत नसे आणि त्या बाईचे मात्र ऐके, ते भीतीपोटी. इतकी जागरूक आई, रोज मिस्साला जाणारे घर, आणि घरातच हे चालले होते हे कोणाला समजले नव्हते. झेली तेव्हा कर्करोगाने आजारी होती. तिने लिओनीला त्या धाकातून सोडवले आणि स्वतःजवळ घेतले. आता ही मुलगी हळूहळू उलगडू लागली. आईला तिच्यासाठी फक्त काही महिने मिळाले. २८ ऑगस्ट १८७७ रोजी झेली वारली.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा मला तो बटण फिरवणारा मुलगा आठवला. 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून आपण मोकळे होतो तेव्हा कधी कधी त्यामागे दुसरेच काही असते. एखादा शिक्षक घालूनपाडून बोलत असतो, मोठी मुले छळत असतात, ऐकू कमी येत असते, फळ्यावरचे दिसत नसते, अक्षरे उलटसुलट दिसत असतात, किंवा एखादे मोठे माणूस नको तसे वागत असते. मूल अचानक बदलले असेल तर तो स्वभाव नव्हे. स्वभाव अचानक बदलत नाही. अशा वेळी मुलाला जवळ घेऊन शांतपणे विचारा आणि डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. नुसती नोव्हेना पुरेशी नाही. नोव्हेना म्हणाच, पण डॉक्टरांकडेही जा.

तेरेजाचेही तसेच झाले. आई गेली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. ती खेळकर मुलगी एकदम बुजरी आणि रडवी झाली आणि जवळजवळ दहा वर्षे तशीच राहिली. १८८६ च्या नाताळच्या रात्री ती त्यातून बाहेर आली असे ती सांगते. दहा वर्षे! त्या काळात वडिलांनी आणि बहिणींनी तिला 'रडूबाई' म्हणून हिणवले असते तर काय झाले असते, याचा विचार करावा.

लिओनीने तर तीन वेळा मठात जाऊन पाहिले आणि तिन्ही वेळा परत आली. शेवटी १८९९ मध्ये कां येथील व्हिजिटेशन मठात गेली आणि तिथेच राहिली. १९४१ मध्ये ७८ व्या वर्षी तिचे निधन झाले. ज्या मुलीची आईला सर्वांत जास्त काळजी होती तिला संतपद मिळावे म्हणून २०१५ मध्ये काम सुरू झाले आहे.

सारखेच प्रेम, पण सारखे वागणे नव्हे

"आम्ही सगळ्या मुलांना अगदी सारखे वागवतो," असे पालक मोठ्या अभिमानाने सांगतात. खाणे, कपडे, शिक्षण, वाडीतला वाटा, यांत सारखेपणा हवाच. मुलगा-मुलगी हा भेद तर नकोच नको. पण बोलण्यात, रागावण्यात, धीर देण्यात सारखेपणा चालत नाही. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस शिकत असताना एक तत्त्व पुन्हा पुन्हा यायचे. जे दिले जाते ते घेणाऱ्याच्या ठेवणीप्रमाणे घेतले जाते. पाणी एकच, पण तांब्यात तांब्याचा आकार, परातीत परातीचा. तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले. आता कळते की हे तत्त्व प्रत्येक स्वयंपाकघरात लागू आहे. "गाढवा, उठ आता!" हे एकच वाक्य. एक मूल हसत उठते, दुसरे दिवसभर तेच मनात घोळवत बसते.

२९ जुलैला मार्था, मरिया आणि लाजर यांचा सण आहे. त्या दिवशी संत योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय घरात सावकाश वाचा. लाजर मेला आहे. मार्था येशू येत असल्याचे कळताच उठून वाटेत गाठते, मरिया घरातच बसून राहते. स्वभाव इथेच दिसतो. पुढे दोघी बहिणी येशूला अगदी एकच गोष्ट सांगतात, की तो इथे असता तर आमचा भाऊ गेला नसता. शब्द सारखे, पण येशूचे वागणे सारखे नाही. मार्थेशी तो बोलतो. तिला पुनरुत्थानाविषयी सांगतो, प्रश्न विचारतो, तिच्याकडून विश्वासाची कबुली घेतो. मरिया पायांशी पडून रडते तेव्हा तो काहीच शिकवत नाही. कबर कुठे आहे एवढे विचारतो आणि स्वतः रडतो. मार्थेला बोलणे हवे होते, मरियेला सोबतीचे अश्रू. येशूने दोघींची गरज वेगवेगळी ओळखली, आणि योहान तर आधीच सांगून ठेवतो की त्याची दोघींवरही प्रीती होती.

आता घरातल्या गोष्टी.

जे मूल हळू रुळते त्याला ढकलू नका आणि कडेवरही घेऊन बसू नका. लग्नाला, नव्या क्लासला, मिस्सालासुद्धा त्याला घेऊन दहा मिनिटे आधी पोहोचा. गर्दी हळूहळू वाढताना पाहिली की ती त्याला कमी घाबरवते. पाहुण्यांसमोर "हा फार लाजाळू हं" असे म्हणू नका, कारण ते ऐकून ते तसेच राहते. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही देऊ नका, थोडे थांबा. आणि कृपा करून मी घरभेटीला आलो की "फादरना गाणे म्हणून दाखव" म्हणून त्याला पुढे उभे करू नका. मला गाणे न ऐकता चहा चालतो! हार्वर्डच्या जेरोम केगन यांनी चार महिन्यांच्या बाळांपासून असा अभ्यास केला होता. नव्या आवाजाने, नव्या वस्तूने फार बिथरणारी बाळे साधारण पाचांत एक होती. त्यांतली पुष्कळ पुढे बुजरी निघाली, पण सगळी नव्हे. ज्या आईबाबांनी फार जपून, झाकून ठेवले नाही, हळुवारपणे पण ठामपणे मुलाला नव्या गोष्टींना तोंड द्यायला लावले, त्यांच्या मुलांची भीती कमी झाली.

जोरकस मुलाचे निराळे आहे. त्याला बदल आवडत नाही, म्हणून आधी सूचना द्या. "दहा मिनिटांनी मोबाईल बंद करून जेवायला यायचे" असे सांगितले आणि दहा मिनिटांनी खरोखर बंद केला तर आरडाओरडा कमी होतो. हातातून हिसकावला तर घरभर वादळ. नियम थोडे करा, पण केले ते आजी आली तरी मोडू नका. त्याचा आवाज चढला की तुमचा उतरू द्या. हे मला स्वतःला जमत नाही, हे आधीच कबूल करतो. त्याच्या अंगातल्या जोराला काम द्या. विहिरीवरून पाणी, बाजारातून पिशव्या, चर्चच्या सणाला मंडपाच्या खुर्च्या. आमच्या वेदीसेवकांत सर्वांत विश्वासू दोन मुले घरी 'ऐकत नाहीत' म्हणून प्रसिद्ध आहेत. मारण्याविषयी विचाराल तर संत पौल कलस्सैकरांस लिहिताना बापांना बजावतो की मुलांना चिडवू नका, त्यांचे मन खचेल. माझ्या अनुभवात मारलेले जोरकस मूल उलट मारायला शिकते, बुजरे मूल आत मिटते आणि साधे मूल खोटे बोलायला शिकते.

त्या साध्या मुलाविषयी कोणीच माझ्याकडे तक्रार घेऊन येत नाही आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. ते स्वतःहून अभ्यास करते, वाढले ते खाते, भावाच्या भांडणात गप्प बसते. आईबाबांचा सगळा वेळ दुसऱ्यावर खर्च होतो. लूकच्या १५ व्या अध्यायातला थोरला मुलगा आठवा. इतकी वर्षे राबलो, पण मित्रांबरोबर मौज करायला एक करडूही मिळाले नाही, ही त्याची खंत. ती त्याने किती वर्षे मनात ठेवली असेल? धाकटा परतला नसता तर कदाचित ती कधी बाहेरच आली नसती. बापाने धाकट्यासाठी धाव घेतली हे आपण नेहमी सांगतो. थोरल्यासाठीही तो मेजवानी सोडून बाहेर आला, त्याची समजूत घालू लागला, हे सांगायचे राहून जाते. आठवड्यातून एकदा तरी त्या साध्या मुलाला एकट्याला बरोबर घेऊन बाहेर जा. बाजारात न्या, समुद्रावर न्या, पण भावंडांची वटवट नको. त्याने काही न मागता.

आणखी एक गैरसमज आपल्या चर्चमध्येच आहे, म्हणून बोलतो. शांत मूल म्हणजे 'गुणी' आणि बडबडे मूल म्हणजे 'वांड' असा शिक्का आपण मारतो. संत थॉमस सांगतात की एखाद्याच्या शरीराच्या ठेवणीमुळे काही गुणांकडे त्याचा जन्मतः कल असू शकतो, पण तो कल म्हणजे सद्गुण नव्हे. सद्गुण सवयीने, समजून-उमजून मिळवावा लागतो. बुजरे मूल नम्र असेलच असे नाही, त्याच्या मनात मोठा अहंकारही असू शकतो. धडाधड बोलणारे मूल उद्धट असेलच असे नाही. पापनिवेदनाची तयारी करून घेताना मुले "मी मस्ती केली" असे पाप लिहून आणतात. मस्ती हे पाप नव्हे, बाळांनो. मस्तीत कोणाला मुद्दाम लागेल असे केले का, हा प्रश्न आहे. आपल्या देहस्वभावाबद्दल क्षमा मागायला आपण मुलांना शिकवू लागलो तर देवाने आपल्याला चुकीचे घडवले असे त्यांना वाटेल.

संत जॉन बॉस्को यांच्या वसतिगृहात दोन मुले होती. डॉमिनिक साव्हियो इतका भाविक की बिछान्यात खडे घालून झोपे, थंडीत पुरेसे पांघरूण घेत नसे. डॉन बॉस्कोने त्याला अशा तपश्चर्येची बंदी केली आणि आनंदात राहायला, मुलांत खेळायला सांगितले. मिकेले मागोने हा एका रेल्वे स्टेशनवर उनाड पोरांच्या टोळीचा म्होरक्या होता. त्याला आणल्यावर डॉन बॉस्कोने त्याला भरपूर खेळू दिले आणि तो स्वतःच अस्वस्थ होऊन विचारात पडेपर्यंत वाट पाहिली. पुढे दोघांचीही चरित्रे डॉन बॉस्कोने स्वतः लिहिली.

शेवटी आरशाची गोष्ट. उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाला शिकारी एसाव आवडे, कारण त्याने आणलेले मांस त्याला आवडे. रिबेकाला तंबूत राहणारा शांत याकोब आवडे. जुळी मुले, पण आईबाबांनी वाटून घेतली. त्याचा शेवट फसवणुकीत आणि भावाच्या जिवावर उठण्यात झाला. याकोब पळाला, आणि त्याची व आईची पुन्हा भेट झाल्याचे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही. जे मूल आपल्यासारखे असते ते आपल्याला सोपे जाते. जे आपल्यासारखे नसते त्याच्यावर आपण चिडतो. कधी उलटेही असते. आपला जो दोष आपल्याला सलतो तोच मुलात दिसला की आपण दुप्पट रागावतो. "अगदी बापावर गेलाय" हे वाक्य आपल्या घरांतून कोणत्या सुरात म्हटले जाते, ते आठवून पाहा.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचाराल. मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या आईसमोर त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही. मग एका शनिवारी मी त्याला घंटा वाजवायला मदतीला बोलावले. दोर ओढून झाल्यावर जिना उतरताना, मी पुढे आणि तो मागे, माझी पाठ त्याच्याकडे असताना त्याने सबंध प्रार्थना म्हटली. कुठेही न अडखळता.

पहिल्या कम्युनियनच्या आणि दृढीकरणाच्या वर्गातील मुलांच्या पालकांची सभा येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉलमध्ये आहे. आई आणि बाबा दोघांनीही यावे. प्रगतिपुस्तक आणू नये. त्याऐवजी आपले मूल कसे आहे ते दहा ओळींत लिहून आणावे, दोघांनी वेगवेगळे, एकमेकांना न दाखवता. हुशार, आळशी, हट्टी, गुणी हे चार शब्द वापरायचे नाहीत.

प्रभूमध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू